"आम्ही मुलासमोर कधीच भांडत नाही"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पालक खुर्चीत टेकायच्या आतच मला ते ऐकू येतं. मूल चिडचिडं झालंय, अंथरूण ओलं करतंय, शाळेचं नाव काढलं की रडतंय. आणि आईवडील अगदी मनापासून सांगतात, "मॅडम, आम्ही त्याच्यासमोर आवाजसुद्धा चढवत नाही. मग याला झालंय तरी काय?"

सोहमच्या आईनेही हेच सांगितलं होतं. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) सोहम आठ वर्षांचा, तिसरीतला. सांगलीचं घर, आई नोकरी करणारी, वडिलांचा मार्केट यार्डात हळदीचा व्यापार, घरात आज्जी. चार महिने पोट दुखत होतं. सोनोग्राफी झाली, रक्त-लघवी झाली, जंताचं औषध दोनदा झालं. सगळे रिपोर्ट नॉर्मल. बालरोगतज्ज्ञांनी समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवलं तेव्हा आईचा प्रश्न तयार होता, "हा नाटक करतोय का?"

नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण या एका शंकेने मुलांचे फार हाल होतात. ताण आला की आतडी वेगळी वागतात, हे परीक्षेच्या सकाळी आपण सगळ्यांनीच अनुभवलंय. दुखणं खरंच असतं. इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ जॉन अ‍ॅप्ली यांनी १९५८ साली १,००० शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. साधारण दहातल्या एका मुलाचं पोट असं पुन्हा पुन्हा दुखत होतं, आणि त्यातल्या बहुतेकांत शारीरिक कारण सापडलं नव्हतं. दुखणं बेंबीपासून जितकं लांब तितकी शारीरिक कारणाची शक्यता जास्त, हा ठोकताळा त्यांचाच. (आपल्या आज्ज्या हिंग बेंबीलाच का लावतात, याची मला तेव्हापासून गंमत वाटते.) अर्थात दुखण्याने मूल झोपेतून उठत असेल, वजन घटत असेल, शौचातून रक्त पडत असेल, ताप किंवा वारंवार उलट्या असतील, तर माझ्याकडे नाही, आधी डॉक्टरांकडे.

"शाळेतच काहीतरी असणार," यावर आईवडील दोघांचं एकमत होतं. मी म्हटलं, कॅलेंडरवर पोट दुखेल त्या दिवशी लाल टिंब करून आणा.

त्या पहिल्या भेटीतली एक गोष्ट मला नंतर लक्षात आली. वडील म्हणत होते, "यांना विचारा, सकाळी डबा कोण भरतं." आई म्हणत होती, "त्यांना सांगा मॅडम, की मुलाला वेळ द्यावा लागतो." आणि मी विचारत होते, सांगत होते. पाऊण तास.

सोहमशी मोकळं व्हायला तीन भेटी लागल्या. चौथ्या भेटीत कॅरम खेळताना मी सहज विचारलं, "पोट दुखायला लागलं की घरात काय काय होतं रे?"

"आज्जी हिंग लावते."

"मग?"

"मग पप्पा आईला विचारतात, ओवा दिलास का?"

"मग?"

"आई म्हणते, दिला. मग पप्पा म्हणतात, गरम पाणी पण दे." त्याने सोंगटी नीट लावली. "एरवी मलाच सांगायला लागतं. आईला सांग गाडीची किल्ली कुठाय. पप्पांना सांग गॅस संपलाय."

मी स्ट्रायकर हातात धरून तशीच बसले. वडिलांनी घरात न विचारता भावाला मोठी रक्कम दिली होती, आणि तेव्हापासून नवराबायकोत अबोला होता. मुलासमोर ते भांडत नव्हते, हे शंभर टक्के खरं होतं. ते बोलतच नव्हते. निरोप्या म्हणून मधे सोहम होता, आणि पहिल्या दिवशी पाऊण तास त्याच्याच जागेवर मी बसले होते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. तान्ह्या बाळाशी खेळणारी आई अचानक दोन-तीन मिनिटं चेहरा निर्विकार करून बसते. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. काहीच परत आलं नाही की तोंड फिरवतं, रडतं. तिथे कुणी ओरडलेलं नसतं. सोहम आठ वर्षांचा होता, पण माझ्या मते त्याच्या घरात तो प्रयोग महिनोन्महिने चालू होता. मी नुसतं मुलाला कधी तपासत नाही, घर तपासते, ते याचसाठी. काही सहकाऱ्यांना ही माझी खोड वाटते. वाटो.

सोहमचं बोलणं मी घरी पोचवलं नाही. फक्त कॅलेंडर टेबलावर ठेवलं. दिवाळीच्या सुट्टीतही लाल टिंबं होती, म्हणजे कारण शाळा नव्हती. मधले चार दिवस मात्र कोरे.

"इथे काय होतं?"

"वन्सं आल्या होत्या," आई म्हणाली.

बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. मीही मुद्दाम बोलले नाही. मग वडील बायकोकडे वळून म्हणाले, "ताई होती तेव्हा आपण बोलत होतो."

माझ्या खोलीत माझ्याशिवाय झालेलं त्यांचं ते पहिलं वाक्य.

पैशाचा वाद मी सोडवला नाही, तो माझा प्रांत नाही. दोन-तीनच गोष्टी ठरल्या. सोहमच्या तोंडून एकही निरोप जाणार नाही. सकाळी उठल्याउठल्या "दुखतंय का?" विचारायचं नाही, थोडं दुखत असलं तरी शाळा बुडवायची नाही, आणि पोट ठीक असतानाच दोघांपैकी कुणीतरी त्याच्याजवळ बसायचं. शिवाय भांडण आलं तर दाबायचं नाही. याला वडील दचकले. पण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्क कमिंग्ज यांच्या अभ्यासात दिसलंय की भांडण मिटताना पाहिलं की मुलांचा ताण बराच उतरतो. बंद दाराआड मिटवलेलं भांडण, मिटलंय हे मुलाला कळलंच नाही तर, त्याच्या लेखी चालूच असतं. मारहाण, शिवीगाळ असेल तिथे हा सल्ला लागू नाही, तिथे आधी सुरक्षितता.

आठवड्याला चार-पाच असलेली लाल टिंबं महिन्याला दोनवर आली. मधे एकदा पुन्हा वाढलीही, हिशेबाच्या दिवसांत.

परवा आज्जींचा फोन आला, तक्रारीच्या सुरात. "मॅडम, तुमच्याकडे आल्यापासून दोघं चांगलीच भांडायला लागलीत हो. आत्तासुद्धा स्वयंपाकघरात चाललंय."

"आणि सोहम?"

"तो होय? तो गेला की खाली, क्रिकेट खेळायला."