मज्जा नेमकी कोणती?

कोथरूडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या एकोणीस वर्षांच्या भाच्याला अप्लास्टिक ॲनिमिया, म्हणजे शरीरात पुरेसं रक्तच न घडण्याचा आजार, निघाला. संमतिपत्रावर ‘मज्जा तपासणी’ एवढंच लिहिलेलं. ते ऐकून आजी हबकल्या. “कण्यातनं काढणार? पोरगा जन्माचा अधू व्हायचा!” पुढे उपचारासाठी धाकट्या बहिणीची मज्जा त्याला जुळते का पाहायचं ठरलं, तेव्हा तर त्यांनी अन्नच सोडलं. ताई विचारतात, ही मज्जा म्हणजे नेमकं काय, आणि या आजाराला मराठीत काय म्हणावं?

आजींचं काही चुकलेलं नाही, त्या शाळेत शिकल्या तेच बोलल्या. मज्जासंस्था, मज्जातंतू, मज्जारज्जू या शब्दांतली मज्जा नसांची, कण्याची. आयुर्वेदातल्या सप्तधातूंत अस्थीच्या पुढे येणारी मज्जा मात्र हाडाच्या पोकळीतली. एकाच शब्दाच्या गळ्यात आपण दोन कामं बांधली. ग्रीकांचंही असंच झालं होतं. त्यांच्या ‘मायलॉस’वरून मायलायटिस आला, तो मेरुरज्जूचा, म्हणजे कण्यातल्या मज्जारज्जूचा दाह, आणि मायलोमाही आला, तो हाडातल्या मज्जेचा कर्करोग. दोन्ही पोकळ्यांत मऊ गर दिसला, म्हणून नाव एकच पडलं असावं. आता शाळेच्या पुस्तकांत चेतासंस्था आणि मेरुरज्जू आले आहेत, पण घरात अजून जुनेच शब्द चालतात. (‘मज्जा आली’मधली मज्जा तिसरीच. ती फारसी ‘मझा’, म्हणजे चव.)

मटण खाणाऱ्या घरात ही वस्तू सगळ्यांच्या ओळखीची असते. नळी ताटात आपटून किंवा चोखून जो गर काढतात, तो मगज. हा शब्द फारसीतून आला, पण तो आणि संस्कृत ‘मज्जन्’ एकाच कुळातले. मगज मेंदूलाही म्हणतात आणि बियांच्या गरालाही, म्हणून नुसता मगज म्हणू नये. ‘हाडातला मगज’ म्हटलं की आजींनाही कळेल. कागदावर ‘अस्थिमज्जा’ हवं, आणि खाली एक ओळ : नमुना कमरेच्या मागच्या हाडातून, जागा बधिर करून घेतला जाईल. मेरुरज्जूला सुई लागत नाही. बहिणीची मज्जा घ्यायची ठरली तर तीही बहुधा त्याच हाडातून, भूल देऊन घेतात, आणि दिलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते. सख्खं भावंडं पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते.

आता आजाराचं नाव. ॲनिमियाला मराठीत ‘रक्तक्षय’ म्हणतात, पण तो शब्द मला इथे पटत नाही. क्षय म्हटलं की लोकांना टीबी आठवतो, शिवाय क्षय म्हणजे असलेलं झिजणं. इथे मुळात रक्त घडतच नाही. ‘अप्लास्टिक’मधलं ‘प्लास्’ हे ग्रीक ‘प्लासेइन’मधलं, म्हणजे माती मळून आकार देणं. प्लास्टिकही त्याच मुळाचं. कसब्यातल्या कुंभारवेशीत चाकावर मातीचा गोळा वर चढताना पाहिला असेल, तर ‘घडणं’ हा शब्द आपोआप तोंडात येतो. जर्मन डॉक्टर पॉल एर्लिखने १८८८ मध्ये हा आजार पहिल्यांदा वर्णिला. हे नाव १९०४ मध्ये फ्रेंच डॉक्टर शोफारने दिलं.

पण ‘ॲनिमिया’ या अर्ध्यानेही घात होतो. ॲनिमिया म्हणजे बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे, लोहाच्या गोळ्या, असं आपलं समीकरण. या आजारात लोहाची उणीव नसते, उलट वारंवार रक्त चढवल्याने ते साठत जातं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या देऊ नयेत. शिवाय कमी होतात त्या फक्त तांबड्या पेशी नव्हेत. डेंग्यूच्या दिवसांत “पेशी किती आल्या?” असं आपण विचारतो, त्या प्लेटलेट्सही घटतात, म्हणून काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त. पांढऱ्या पेशीही घटतात, म्हणून ताप आला तर घरी गोळी देऊन वाट पाहू नये, तडक दवाखाना गाठावा. मज्जेच्या जागी मेद भरतो. बहुतेकांत शरीराची स्वतःची संरक्षक फौजच रक्त घडवणाऱ्या मूळ पेशींवर उलटलेली असते. हा कर्करोग नव्हे. उपचारही त्या फौजेला आवरण्याचे : घोड्याच्या रक्तापासून केलेलं एटीजी हे औषध आणि सायक्लोस्पोरिन, जोडीला पेशी घडायला चालना देणारं एल्ट्रोम्बोपॅग. किंवा मज्जारोपण, म्हणजे दुसऱ्याची निरोगी अस्थिमज्जा देणं. तरुण वयात जुळणारं भावंडं मिळालं तर डॉक्टर बहुधा आधी त्याचाच विचार करतात.

म्हणून माझं मत असं, की नाव अप्लास्टिक ॲनिमियाच राहू द्यावं, म्हणजे दुसऱ्या डॉक्टरकडे गोंधळ होत नाही. घरात मात्र “रक्त कमी झालंय” म्हणू नये, “रक्त घडणं थांबलंय” म्हणावं.

ताई, ‘देणे’ या क्रियापदाचंही एक सांगते. “आम्ही घरचेच रक्त देतो” असं प्रेमाने म्हटलं जातं. पण पुढे घरातल्या कुणाची मज्जा लागणार असेल, तर रक्त मात्र घरच्यांचं टाळतात, कारण त्याने शरीर आधीच त्या मज्जेच्या विरोधात तयार होऊ शकतं. तेव्हा रक्त सोसायटीतल्या इतरांना रक्तपेढीत द्यायला सांगा, आणि बहिणीने आत्ता फक्त जुळणीच्या तपासणीपुरता नमुना द्यावा.