सही दिली म्हणजे बोटवाला सुटला?

प्रश्न : मे महिन्यात मुंबईचे पाहुणे आले म्हणून खाडीत बोटीने फिरायला गेलो. बोटीवर 'क्षमता १०' असं रंगवलेलं, बसवले १७. लाइफ जॅकेट मागितली तर बोटवाला म्हणाला, "काय एक होवचा नाय, बसा." खाडीच्या मुखाशी आडवी लाट लागून बोट कलंडली. सगळे वाचलो, पण सासूबाईंचं मनगट मोडलं. आधीच 'स्वतःच्या जबाबदारीवर' अशा कागदावर सह्या घेतल्या होत्या. हा घोर निष्काळजीपणा ठरतो का?
– एक गृहिणी, कुडाळ

उत्तर : ताई, बोटवाल्याचं वाक्य जसंच्या तसं लिहून पाठवलंत, फार बरं केलंत. तुमच्या प्रकरणाचा जीव त्यातच आहे.

भारतीय न्याय संहितेत 'घोर निष्काळजीपणा'ची व्याख्या नाही. पोलिसांच्या कागदात 'हयगय' हा शब्द दिसेल. पण डॉक्टरांवरच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००५ साली सांगितलं, की साधी चूक म्हणजे गुन्हा नव्हे. हयगय फार वरच्या दर्जाची असावी लागते. चालत्या बोटीचं इंजिन अचानक बंद पडलं, तर मी बोटवाल्याच्या बाजूने बोलेन. इथे मात्र आकडा त्यानेच रंगवलेला, जॅकेटं तुम्ही तोंडाने मागितलेली, मुखाशी पाणी फुटतंय ते समोर दिसणारं. धोका कळत असूनही पर्वा केली नाही, त्याला मी घोरच म्हणेन.

भाड्याच्या बोटीत जिवाला धोका होईल इतकी माणसं भरणं हा कलम २८४ चा गुन्हा. हाड मोडलं की कायद्याने ती जबर दुखापत. कलम १२५ खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

भरपाईसाठी मात्र 'घोर' सिद्ध करत बसू नका. ग्राहक आयोगात साधी हयगयही पुरते. तक्रार २ वर्षांच्या आत करा. सहीचं फार मनावर घेऊ नका. हॉटेलच्या ताब्यातून गाडी चोरीला गेल्याच्या प्रकरणात, 'मालकाच्या जोखमीवर' असं छापून स्वतःच्या हयगयीतून सुटता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये म्हटलं आहे. समोरचा वकील एक मात्र विचारणारच : "१७ माणसं दिसत होती, तरी बसलात कशाला?" त्यापायी भरपाई थोडी कमी होऊ शकते.

पाहुण्यांचे मोबाइल आजच तपासायला सांगा. कुठल्या तरी फोटोत मागे तो '१०' असेल. नारळी पौर्णिमेच्या आधी बोटींना नवा रंग लागतो.