सुया घे, पण नळी सोडू नकोस

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. "काका, ॲक्युपंक्चरने लघवीचा ताबा परत येतो म्हणतात, सुया घेऊ का?" एवढंच विचारलं आहेस, पण त्यामागचं सगळं मला कळतं. दर चार-सहा तासांनी लघवी काढायला नळी घालायची, रात्री अंथरूण ओलं झालं की घरच्यांना हाक मारायची, बाहेर पडायचं असलं की सकाळपासून पाण्याचे घोट मोजायचे. माझ्या पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला दुखापत झाली त्याला २२ वर्षं झाली. पाय गेल्याचं दुःख मी तीन-चार वर्षांत पचवलं, लघवीचं पचायला त्याच्या दुप्पट वेळ लागला. म्हणून तुझा प्रश्न मी उडवून लावणार नाही, आणि 'घे रे, काय होतंय' असंही म्हणणार नाही.

हवं तर सुया घे. पण नळी सोडू नकोस.

असं का म्हणतो ते नीट समजून घे. लघवीच्या पिशवीची भिंत हा एक स्नायू आणि तिच्या तोंडाशी असलेली झडप हा दुसरा. पिशवी आवळली की झडप सैल पडायला हवी. हा मेळ मेंदूच्या बुडाशी असलेलं केंद्र घालतं, आणि त्याचा निरोप मज्जारज्जूतून खाली, त्याच्या अगदी खालच्या टोकाच्या एस-२ ते एस-४ या भागापर्यंत जातो. तुझी दुखापत छातीच्या पाचव्या मणक्यापाशी आहे. म्हणजे खालचा भाग जिवंत आहे, पण वरचा निरोप पोचत नाही. पिशवी थोडी भरली की आपल्या मर्जीने आवळते, आणि नेमकी त्याच वेळी झडपही आवळते. दोघांच्या या भांडणात आतला दाब चढतो आणि तो उलटा मूत्रपिंडांवर जातो. एके काळी आपल्यासारखी माणसं दुखापतीतून वाचायची आणि पुढे मूत्रपिंडं निकामी होऊन जायची. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनचे मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडिस यांनी दाखवून दिलं की स्वच्छ हातांनी, स्वच्छ नळीने, ठरावीक वेळाने पिशवी रिकामी केली तरी भागतं, दर वेळी शस्त्रक्रियेसारखं निर्जंतुक वातावरण लागत नाही. तुझ्या सामानातली ती साधी नळी त्या शोधाची देणगी आहे. तिचा राग येतो, मलाही यायचा. पण आज तुझी मूत्रपिंडं ती सांभाळते आहे.

आता सुयांकडे वळू. त्यांच्यात काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. या त्रासासाठी वापरतात त्यातला एक बिंदू घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडापासून चार बोटं वर असतो. त्या भागातून टिबियल नस जाते, आणि तिची मुळं मज्जारज्जूच्या ज्या भागातून निघतात त्यातलाच काही भाग मूत्राशय सांभाळतो. दुसरा बिंदू माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाला जी भोकं असतात त्यातल्या तिसऱ्यावर. तिथूनच एस-३ ही नस बाहेर पडते. विजेच्या लहरींनी मूत्राशय शांत करणाऱ्या यंत्राची तार शल्यविशारद याच भोकात बसवतात, आणि अमेरिकेत त्या उपचाराला १९९७ मध्ये मान्यता मिळाली. घोट्याजवळची नस विजेने चेतवण्याचा प्रयोग मॅकग्वायर या अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञांनी १९८३ मध्ये मांडला, तोही ॲक्युपंक्चरच्या बिंदूंवरूनच सुचलेला. जुन्या लोकांचं बोट नेमकं योग्य जागी पडलं होतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पण जागा बरोबर असली म्हणून गुण येतोच असं नाही. मज्जारज्जूच्या दुखापतीत सुयांचा उपयोग तपासणारे अभ्यास तैवानमध्ये, जपानमध्ये, चीनमध्ये झाले आहेत, आणि काहींत पिशवी लवकर ताळ्यावर आल्याचं दिसलं. मात्र बहुतेक अभ्यास लहान आहेत. सुया टोचल्या की नाही हे रुग्णापासून आणि टोचणाऱ्यापासून लपवणं अवघड, त्यामुळे तुलना कच्ची राहते. त्याहून मोठी अडचण वेळेची. दुखापतीनंतर काही आठवडे, कधी काही महिने मज्जारज्जू बधिर असतो, पिशवी ढिली पडलेली असते. तो बधिरपणा उतरताना ती आपोआप बदलते. त्याच दिवसांत सुया चालू असतील तर श्रेय सुयांना जातं. तुझा आता पाचवा महिना चालू आहे, हे विसरू नकोस.

मी स्वतः बारा आठवडे घेतल्या, सुयांना हलकी वीज जोडून. नळीने निघणारी लघवी २५० मिलिलिटरवरून ३२० च्या आसपास गेली, रात्रीचं गळणं कमी झालं. मला त्याचा खरंच आनंद झाला होता. बंद केल्यावर तीन-चार महिन्यांत परत पहिल्यासारखं. तुटलेले तंतू सुईने जुळत नाहीत. फार तर पिशवी जरा शांत होते, थोडी जास्त धरते. तेवढ्यासाठी घ्यायच्या असतील तर घे.

आमच्या गटात एक मुलगा होता, तुझ्याच वयाचा. दहा-बारा बैठकींनंतर त्याची लघवी आपोआप येऊ लागली आणि मधल्या वेळात कपडे कोरडे राहू लागले. त्याने नळी बंद केली. आम्हीही त्याचं अभिनंदन केलं, ते मला अजून टोचतं. आठ महिन्यांनी ताप आला म्हणून सोनोग्राफी केली, तर दोन्ही मूत्रपिंडं सुजलेली आणि लघवी करून आल्यावरही पिशवीत ४०० मिलिलिटर उरलेली. झडप घट्ट आवळलेली होती म्हणून तो कोरडा होता. सुयांनी त्याचं काही बिघडवलं नव्हतं. नळी सोडल्याने बिघडलं. कपडे कोरडे राहतात यावर कधीच विसंबू नकोस. पिशवीतला दाब किती आणि मागे किती उरते, हेच विचारायचं. भरताना दाब ४० सेंटिमीटर पाण्याच्या वर जाऊ लागला की मूत्रपिंडांना धोका, हे युरोडायनॅमिक तपासणीत, म्हणजे पिशवी हळूहळू भरून आतला दाब मोजतात त्या तपासणीत, कळतं. ही तपासणी सुया सुरू करण्याआधी करून घे आणि सुया संपल्यावर पुन्हा.

टोचणाऱ्याला एक गोष्ट आधीच सांग: तुला दुखणार नाही. त्यांची सवय अशी की रुग्ण 'आई गं' म्हणतो आणि ते हात आवरतात. तू म्हणणार नाहीस. माझ्या चौथ्या बैठकीत कमरेतली एक सुई काढायची राहिली. मी खुर्चीत बसून घरी आलो. संध्याकाळी कपडे बदलताना बायकोच्या हाताला ती लागली, वाकलेली, भोवती रक्ताचा बोटभर डाग. तेव्हापासून आम्ही सुया मोजायचो, घालताना मोठ्याने आणि काढताना मोठ्याने. तूही मोज. सुया नव्या, एकदाच वापरायच्या हव्यात. ओटीपोटावर टोचणार असतील तर त्याआधी नळी घालून पिशवी पूर्ण रिकामी कर, भरलेल्या पिशवीवर खोल सुई नको. बधिर कातडीवर शेक, दिवा, जळती वनस्पती काहीही लावू देऊ नकोस, भाजलेलं कळायचं नाही आणि भरायला महिने लागतील. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ते सांग. पालथं झोपवलं तर गुडघ्यांवर आणि कमरेच्या हाडांवर दाबाने जखम झाली नाही ना, ते नंतर आरशात बघ.

आणि तुझी दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर आहे, म्हणून हे वेगळं लिहितो. सुईने किंवा विजेने रक्तदाब एकदम चढू शकतो. डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, मानेवर घाम फुटला, तर तिथेच थांबवायला सांग. सुया काढ, ताठ बस, कपडे सैल कर, पिशवी रिकामी कर. तरी उतरत नसेल तर सरळ रुग्णालय. तुझ्यासोबत येणाऱ्यालाही हे पाठ करायला लाव, कारण त्या वेळी तुला बोलायला सुचणार नाही.

पहिल्या बैठकीच्या आधी दोन आठवडे वही ठेव: नळी किती वाजता घातली, किती लघवी निघाली, मधे गळली का, पाणी किती प्यायलं. औषधं आहेत तशी चालू ठेव, काही बदलायचं असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि सुयांच्या काळात शक्यतो बदलूच नकोस, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. सहा आठवड्यांनी वहीत फरक दिसला नाही तर थांब. मग डॉक्टरांना मूत्राशयात बोटॉक्सची, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या औषधाची, इंजेक्शनं देण्याबद्दल विचार. आपल्या प्रकारच्या मूत्राशयासाठी तो पक्का सिद्ध झालेला उपाय आहे.

वहीची पानं मला पाठव, आणि मागच्या युरोडायनॅमिकचा कागदही. आपण दोघं बसून बघू.

तुझा,
काका