काल्पनिक जगातली नाणी आणि बाजार खरे वाटावेत म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की कादंबरीसाठी एक जग रचलंय, १०० तांब्याची नाणी म्हणजे १ चांदीचं आणि १०० चांदीची म्हणजे १ सोन्याचं असं कोष्टक बसवलंय, तरी वाचणाऱ्या मित्रांना ते पटत नाही.

पटणार नाहीच. मीही हेच करून बसलो होतो. माझ्या पहिल्या खर्ड्यातला नायक खानावळीत शिरतो, पिठलं-भाकरी खातो आणि सोन्याची मोहोर टाकून ऐटीत निघतो. आईनं वाचलं आणि एवढंच विचारलं, "त्या बाईनं सुटे कुठून आणले?"

तिथून मी पेशवाईतल्या नाण्यांच्या मागे लागलो. तेव्हाच्या बाजारात 'रुपया' असा एक नव्हताच. अंकुशी, चांदवडी, सुरती, शिवाय आणखी कितीतरी टांकसाळींचे. कुणाचं वजन कमी, कुणाची चांदी हिणकस, कुणी नुसताच झिजलेला. सराफ नाणं दगडावर वाजवून आवाज ऐकायचा, तोलायचा आणि मग बट्टा, म्हणजे नाण्याच्या किमतीतली तूट, कापायचा. आता शेतकऱ्याच्या जागी उभे राहा. जोंधळा विकून त्याला मिळाले एका प्रकारचे रुपये, शेतसारा मात्र भरायचा दुसऱ्या प्रकारच्या रुपयांत. मधला बट्टा त्याच्याच गळ्यात. तुमच्या कोष्टकात हा सराफ कुठेच नाही, आणि गोष्ट तर त्याच्याच ओट्यावर घडते! कोण कुणाला फसवतं, कुणाकडे खरा तराजू आहे, परगावच्या माणसाचं नाणं बघून कोण भुवया उंचावतं, हे सगळं तिथं आयतं मिळतं.

नाण्यावर नाव कुणाचं, हेही बघा. १६७४ साली राज्याभिषेक झाला तेव्हा शिवाजी महाराजांनी सोन्याच्या होनावर आणि तांब्याच्या शिवराईवर 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपती' अशी अक्षरं घातली. ती सरळ सरळ घोषणा होती. पण पुढे मराठ्यांचा दरारा दिल्लीपर्यंत पोचला, तेव्हा त्यांच्या रुपयांवर नाव होतं मुघल बादशहाचं! लोकांचा विश्वास त्या छापावर बसला होता, तो मोडायचा कशाला? तुमच्या राज्यात खरी सत्ता एकाची आणि नाण्यावरचं नाव दुसऱ्याचं असं करून पाहा, राजकारण वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

उलट उदाहरण दिल्लीचा सुलतान मुहम्मद तुघलक याचं. १३३० च्या सुमारास त्यानं तांब्या-पितळेची नाणी काढली आणि ती चांदीच्या भावानं घ्या म्हणून फर्मान सोडलं. कल्पना वाईट नव्हती, पण नक्कल करायला इतकी सोपी की घरोघरी टांकसाळ सुरू झाली. शेवटी खजिन्यातून खरी नाणी देऊन ती परत घ्यावी लागली. (जादूगार असलेल्या जगात हा प्रश्न आधी सोडवा. तांब्याचं सोनं करणारा एक जरी असला तरी सोन्याचं नाणं संपलं.)

धातू येतो कुठून? आपल्याकडे रुपया चांदीचा, पण चांदी बव्हंशी समुद्रापलीकडून यायची. जहाजं आली नाहीत तर काय होईल, यावर एक अख्खं प्रकरण निघेल.

आणि गावात नाणं फारसं दाखवूच नका. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी यांना वर्षभराच्या कामाचं बलुतं सुगीला खळ्यावर धान्यात मिळायचं. रोकड लागायची ती मुख्यतः सारा भरायला आणि बाजारात मीठ वगैरे घ्यायला. मीठ कोकणातून घाट चढून बैलांच्या पाठीवर यायचं, वाटेत जकात. जुन्नरजवळच्या नाणेघाटात जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण जमलं तर बघून या.

बोलण्यात मेलेली नाणी पेरा. १९५७ मध्ये दशमान पद्धत आली, आणे गेले, तरी आपण अजून 'सोळा आणे खरं' म्हणतो. दमडी, कवडी तर त्याहून जुन्या.

माझा तो प्रसंग मी बदलला. आता खानावळवाली मोहोर हातात घेते, उलटसुलट करून परत ठेवते आणि म्हणते, "सराफाकडे जाऊन मोडून आण, तोवर घोडा इथंच राहू दे." सराफाचं दुकान त्या दिवशी बंद असतं.