बॅकअप सुरू झाला की डेटाबेसचे व्हर्च्युअल मशीन मंदावते. बाकीच्या वाहतुकीवर बँडविड्थची मर्यादा घालावी का?

निदान सुरुवातीला तरी घालू नये. आपण लिहिल्याप्रमाणे व्हर्च्युअल मशीन, लाइव्ह मायग्रेशन (चालू मशीन न थांबवता दुसऱ्या सर्व्हरवर हलवणे) आणि बॅकअप या तिन्हींची वाहतूक १० गिगाबिटच्या एकाच लिंकवरून जाते, त्यामुळे मर्यादेचा मोह होणे साहजिक आहे. पण लिंक रिकामी असली तरी मर्यादा हटत नाही, हीच तिची खोड आहे. मी एकदा मायग्रेशनवर १ गिगाबिटची मर्यादा घातली आणि विसरून गेलो. काही महिन्यांनी देखभालीसाठी होस्ट (व्हर्च्युअल मशीन चालवणारा फिजिकल सर्व्हर) रिकामा करायला घेतला, तेव्हा एक मोठे, सतत व्यग्र असलेले मशीन हलता हलेना, कारण त्याची मेमरी जितक्या वेगाने बदलत होती तितक्या वेगाने ती पलीकडे पोहोचतच नव्हती. आणि उरलेले ९ गिगाबिट मात्र जवळजवळ पडून होते.

आपण व्हीस्फिअर (व्हीएमवेअरची व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली) वापरत असल्यामुळे तिच्या डिस्ट्रिब्युटेड स्विचवरील (अनेक होस्टांना सामाईक असलेल्या व्हर्च्युअल स्विचवरील) नेटवर्क आय-ओ कंट्रोलमधून शेअर्स, म्हणजे गर्दीच्या वेळी लिंक वाटून घेण्याचे प्रमाण, द्यावेत. व्हर्च्युअल मशीनना १०० आणि मायग्रेशन व बॅकअप यांना प्रत्येकी ५० शेअर्स दिले, तर तिघेही एकाच वेळी लिंक भरू पाहतील तेव्हा त्यांच्या वाट्याला अनुक्रमे ५, २.५ आणि २.५ गिगाबिट येतात. मायग्रेशन चालू नसेल तर हीच वाटणी साधारण ६.७ आणि ३.३ अशी होते, आणि गर्दीच नसेल तर शेअर्स कोणालाही अडवत नाहीत. हा हिशेब प्रत्येक फिजिकल पोर्टपुरता वेगळा होतो, हे दुसरे नेटवर्क कार्ड जोडताना लक्षात असू द्यावे.

मात्र शेअर्स होस्टमधून बाहेर जाणाऱ्या वाहतुकीलाच लागू होतात. बॅकअप बाहेर जातो म्हणून आपले काम भागेल. रिस्टोअरच्या वेळी डेटा आत येतो, तेव्हा गर्दी फिजिकल स्विचच्या पोर्टवर होते आणि तिची व्यवस्था त्या स्विचवरच करावी लागते.

आणि हे सगळे करण्याआधी, बॅकअप चालू असताना होस्टवर ईएसएक्सटॉप (होस्टवरील भार दाखवणारे कमांड-लाइन साधन) उघडून 'एन' हे अक्षर दाबावे. पाठवताना आणि स्वीकारताना किती टक्के पॅकेट गळाली, याचे दोन स्तंभ तिथे दिसतात. लिंक भरलेली नसताना गळती फक्त स्वीकारण्याच्या स्तंभात दिसत असेल, तर बहुधा त्या मशीनला सीपीयू वेळेवर मिळत नाही किंवा त्याच्या नेटवर्क कार्डाचा रिसीव्ह बफर (आलेली पॅकेट तात्पुरती ठेवण्याची जागा) अपुरा पडतो. तिथे शेअर्स कितीही वाढवले तरी उपयोग होत नाही.