वाचकांचे प्रश्न : बेबी तबस्सुम ते दूरदर्शनच्या तबस्सुम

प्रश्न : आमच्या घरात गेले काही दिवस एक वाद चालू आहे. ‘दीदार’ या जुन्या चित्रपटात घोड्यावरून जाताना गाणारी छोटी मुलगी आणि दूरदर्शनवर कलावंतांच्या मुलाखती घेणाऱ्या तबस्सुम या एकच, असे आई ठामपणे सांगते. वडिलांना ते मुळीच पटत नाही. खरे काय? आणि त्या एकच असतील, तर चित्रपट सोडून दूरदर्शनकडे कशा वळल्या?
— एक वाचिका, शहापूर, बेळगाव

उत्तर : आपल्या आईंचेच म्हणणे बरोबर आहे. ‘दीदार’ हा नितीन बोस यांचा चित्रपट 1951 साली प्रदर्शित झाला. त्यात दिलीपकुमार, अशोककुमार, नर्गिस आणि निम्मी असे मातब्बर कलावंत होते, पण चित्रपटाची सुरुवात दोन मुलांवर सोपवलेली होती. नर्गिसच्या बालपणीची भूमिका बेबी तबस्सुम हिने केली आणि दिलीपकुमारच्या बालपणीची परीक्षित साहनी याने. घोड्यावरचे ते गाणे नौशाद यांनी संगीतबद्ध केले असून लता मंगेशकर आणि शमशाद बेगम यांनी ते गायले आहे. पुढे नायक-नायिकेची ताटातूट होते आणि कथेचा सगळा भार त्या बालपणीच्या आठवणीवर पडतो. म्हणून ती दोन मुले प्रेक्षकाच्या मनात ठसली नसती, तर पुढचा चित्रपट उभाच राहिला नसता. सात वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर दिग्दर्शकाने किती मोठी जबाबदारी टाकली होती, हे ते गाणे पुन्हा पाहताना जाणवते.

तबस्सुम यांचा जन्म 9 जुलै 1944 रोजी मुंबईत झाला. वडील अयोध्यानाथ सचदेव हिंदू आणि आई असगरी बेगम मुसलमान. आईच्या धर्माचा मान ठेवून वडिलांनी मुलीचे नाव तबस्सुम ठेवले, तर वडिलांच्या धर्माचा मान ठेवून आईने तिला किरणबाला म्हटले. एकाच गावाला घरात एका नावाने आणि कचेरीत दुसऱ्या नावाने ओळखणाऱ्या आपल्या सीमाभागातल्या माणसांना यातला जिव्हाळा वेगळा समजावून सांगायला नको. तबस्सुम या शब्दाचा अर्थ स्मितहास्य, आणि पुढे तीच त्यांची ओळख ठरली.

वयाच्या तिसऱ्या वर्षी, म्हणजे 1947 साली, ‘नर्गिस’ या चित्रपटातून त्या पडद्यावर आल्या. 1952 साली विजय भट्ट यांच्या ‘बैजू बावरा’मध्ये त्यांनी मीनाकुमारीच्या बालपणीची भूमिका केली. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मीनाकुमारी स्वतः बेबी महजबीन या नावाने बालकलाकार म्हणून आली होती आणि मधुबालाही त्याआधी बेबी मुमताज होती. त्या दोघी नायिका झाल्या. तबस्सुम यांच्या वाट्याला मात्र मोठेपणी दुय्यम आणि चरित्र भूमिकाच अधिक आल्या. लहानपणीचा गोड चेहरा प्रेक्षकांच्या मनात पक्का बसला, की पुढे तीच मुलगी नायिका म्हणून स्वीकारणे त्यांना अवघड जाते, आणि हे अनेक बालकलाकारांच्या बाबतीत घडले आहे. तबस्सुम यांनी त्याबद्दल कुढत न बसता आपल्याजवळचे दुसरे भांडवल वापरले, ही त्यांच्या कारकिर्दीतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आहे.

हे भांडवल कोणते? कळत्या वयाच्या आधीपासून त्या स्टुडिओत वावरत होत्या. ज्यांच्या दारात पत्रकारांना ताटकळत राहावे लागे, अशा नटनट्यांच्या त्या मांडीवर बसल्या होत्या. त्यातच उर्दूचे स्वच्छ उच्चार, शेर पाठ असण्याची सवय आणि कॅमेऱ्याची अजिबात भीती नसणे यांची भर होती. 2 ऑक्टोबर 1972 रोजी दूरदर्शनचे मुंबई केंद्र सुरू झाले आणि त्याच वर्षी ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हा मुलाखतींचा कार्यक्रम घेऊन तबस्सुम लोकांच्या घरात शिरल्या. त्या वेळी त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. हा कार्यक्रम 1993 पर्यंत, म्हणजे एकवीस वर्षे चालला. कृष्णधवल पडदा जाऊन रंगीत आला, एका वाहिनीच्या जागी उपग्रह वाहिन्यांची गर्दी झाली, तरी निवेदिका तीच राहिली.

आपल्या वडिलांना शंका येणे स्वाभाविक आहे, कारण त्या काळी बेळगावात हा कार्यक्रम घरी बसून पाहण्याची सोयच नव्हती. मुंबई केंद्राचे प्रक्षेपण 1973 मध्ये पुण्यापर्यंत पोहोचले, पण आपल्याकडे दूरचित्रवाणी आली ती 1980 च्या दशकात. तोवर आपल्याकडे करमणुकीसाठी सांगली आणि धारवाड आकाशवाणी होती आणि टॉकीज होत्या. मी स्वतः तबस्सुम यांना प्रथम पाहिले ते लालबागला, गिरणीत कामाला असलेल्या काकांच्या चाळीत. खानापूर-चंदगडकडची कितीतरी माणसे तेव्हा तेथे राहत होती. शेजारच्या बिऱ्हाडात टीव्ही होता, लाकडी पेटीत बसवलेला आणि पुढे सरकती दारे असलेला. त्या घरच्या आजी कार्यक्रमाच्या वेळी कुलूप काढून ती दारे दोन्ही हातांनी बाजूला सारत आणि आम्ही मुले फरशीवर दाटीवाटीने बसत असू. काचेवर आधी नुसत्या मुंग्या दिसत, मग हळूहळू केसांत फूल माळलेल्या एक बाई हसताना दिसू लागत. हिंदी फारसे न समजणाऱ्या माझ्या काकूही त्या हसण्याला हसून दाद देत. सुट्टी संपवून गावी परतल्यावर मी कितीतरी दिवस शाळेत त्याच कार्यक्रमाचे वर्णन करीत होतो, आणि पडदा न पाहिलेली मुले ते कान देऊन ऐकत होती.

प्रश्न : ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ या नावाचा चित्रपटही आहे. कार्यक्रमाचे नाव त्यावरून घेतले होते काय?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : नाही. ऋषी कपूर आणि मौसमी चटर्जी यांचा तो चित्रपट 1978 सालचा, म्हणजे कार्यक्रमानंतर सहा वर्षांनी आलेला आहे. हे शब्द मुळात जिगर मुरादाबादी यांच्या शेरातले आहेत.

प्रश्न : मी गणेशोत्सवात आणि साहित्य संमेलनांत निवेदन करतो, अधूनमधून पाहुण्यांच्या मुलाखतीही घेतो. पाहुणे ‘हो’, ‘नाही’ एवढेच बोलतात आणि माझी धांदल उडते. तबस्सुम यांच्या पद्धतीतून काही शिकता येईल काय?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : पुष्कळ शिकता येईल. त्यांच्या जुन्या मुलाखतींतील उपलब्ध भाग पाहताना एक गोष्ट प्रथम ध्यानात येते. पाहुण्याला पहिल्याच वाक्यात त्या अवघड जागी नेत नाहीत. आधी एखादा शेर, त्याच्या कामातली एखादी नेमकी आठवण, मग हसणे, आणि पाहुण्याचे खांदे सैल झाल्याचे दिसले की प्रश्न. आपल्याकडे मुलाखतकार बहुधा पाहुण्याचा दीड पानी परिचय वाचतो, ‘आपल्या जीवनप्रवासाविषयी काय सांगाल?’ असे विचारतो आणि मोकळा होतो. एवढ्या मोठ्या प्रश्नाला कोणीही गडबडेल किंवा पाठ केलेले उत्तर देईल. त्याऐवजी ‘पहिल्या प्रयोगाला घरचे कोण आले होते?’ असे विचारून पाहा. या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येत नाही. पाहुण्याला एखादे माणूस आठवावे लागते आणि माणूस आठवले की प्रसंग आपोआप येतो.

दुसरी गोष्ट ऐकण्याची. लहानपणी चित्रपटात काम करताना समोरच्याचे वाक्य संपेपर्यंत चेहरा जिवंत ठेवावा लागतो, कारण कॅमेरा केव्हा आपल्याकडे वळेल याचा नेम नसतो. तबस्सुम यांना ती सवय तिसऱ्या वर्षापासून होती. पाहुणा बोलत असताना त्या हातातल्या कागदाकडे पाहत बसत नाहीत. त्याच्या चेहऱ्याकडे पाहतात आणि पुढचा प्रश्न त्याच्याच शेवटच्या वाक्यातून उचलतात. आपण मुलाखतीला वीस प्रश्न लिहून नेत असाल, तर अवश्य न्यावेत, परंतु व्यासपीठावर कागद घडी करून खिशात ठेवावा.

एक मर्यादाही सांगायला हवी. तबस्सुम पाहुण्याला अडचणीत टाकणारा प्रश्न सहसा विचारीत नसत आणि कौतुकाचा सूर कधी कधी गरजेपेक्षा वर चढे. कलावंताच्या कामातले कच्चे दुवे जाणून घ्यायचे असतील, तर त्यांची पद्धत पुरी पडत नाही. मात्र ज्या काळात पडद्यावरचा नट प्रेक्षकाला चांदण्याइतका दूर वाटत होता, त्या काळात त्याला घरच्या माणसासारखे बोलते करणे, हेच त्या कार्यक्रमाचे काम होते, आणि ते त्यांनी एकवीस वर्षे चोख केले.

भाषेबद्दल थोडे सांगतो, कारण आपल्या भागात त्याची गरज अधिक आहे. तबस्सुम यांचे हिंदी-उर्दू ऐकायला गोड होते, पण कोणाला कळणार नाही असे नव्हते. त्या पंधरा वर्षे ‘गृहलक्ष्मी’ या हिंदी महिला मासिकाच्या संपादक होत्या. 1985 मध्ये ‘तुम पर हम कुर्बान’ हा चित्रपटही त्यांनी दिग्दर्शित केला, पण शब्दांवरची हुकमत मला त्यापेक्षा त्यांच्या निवेदनात अधिक दिसते. निपाणीच्या सभागृहात समोर मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारे बसलेले असतात. अशा वेळी अवजड संस्कृत शब्दांची रास घालण्यापेक्षा साधे, पूर्ण आणि स्पष्ट उच्चारांचे मराठी बोलावे, आणि एखाद्या कन्नड पाहुण्याचे स्वागत त्याच्या भाषेतल्या दोन वाक्यांनी करावे. ती दोन वाक्ये घरी दहा वेळा म्हणून पाहावीत, म्हणजे पाहुण्याचे नाव चुकणार नाही.

तबस्सुम यांचे 18 नोव्हेंबर 2022 रोजी मुंबईत निधन झाले. अखेरच्या वर्षांत त्यांनी यूट्यूबवर ‘तबस्सुम टॉकीज’ या नावाने जुन्या कलावंतांच्या आठवणी सांगितल्या आहेत. त्यातला एखादा भाग आवाज बंद करून पाहावा. वाक्य कोठे संपते, नजर केव्हा वर येते आणि हसण्याआधी त्या किती वेळ थांबतात, एवढेच टिपून घ्यावे. मग तोच भाग आवाजासह पुन्हा लावावा.