आधी वाचू नकोस

प्रिय पोरी,

यादी पोचली. दहा जाझ अल्बम आणि प्रत्येकापुढे एकेक भावना. पहिल्या नंबरावर माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू', पुढे 'गूढ, निळी उदासी'. आणि अगदी तळाशी बारीक अक्षरात, 'काका, खरं सांगू? मला ऐकताना झोप आली. माझंच काही चुकतंय का?'

ती बारीक ओळ वर घे. बाकी यादी फाडलीस तरी चालेल.

उदासी निळी कधीपासून झाली गं? इंग्रजीत असते. आपल्याकडे निळा म्हणजे भरून आलेला मेघ, नाहीतर विठोबा. कुणाचं तरी वाचून लिहिलंस ना? त्यापेक्षा झोप आली असंच लिही. त्यातल्या पहिल्या तुकड्यात दोनच स्वरमालिका आहेत, मंडळी त्यांच्यावरच रेंगाळतात. एप्रिलच्या दुपारी, भरीत-भाकरी खाऊन पंख्याखाली ऐकलंस तर डोळा लागणारच. आधी ऐकायचं, वाटलं ते लिहायचं, मग वाचायचं. हा क्रम मोडू नकोस.

मी मोडला, म्हणून सांगतोय.

1988च्या मे महिन्यात भुसावळहून रजा काढून अमळनेरला घरी गेलो होतो. लाइट गेलेली, आबा ओट्यावर पडलेले. मुंबईच्या रिदम हाऊसमधून आणलेली जॉन कोल्ट्रेनच्या 'अ लव्ह सुप्रीम'ची कॅसेट मी सेलवरच्या टेपवर लावली. शेवटचा भाग सुरू झाला तसे आबा उठून बसले. म्हणाले, "हाऊ ते हरिपाठ म्हनी राह्यना." म्हणजे, हा तर हरिपाठ म्हणतोय. सखाराम महाराजांच्या दिंडीत चालणारा माणूस. मी हसलो. वर अर्धा तास त्यांना जाझ म्हणजे काय ते शिकवलं, सगळं मासिकांतून वाचलेलं. आबा 'बरं' म्हणाले आणि आत गेले. पुन्हा कधी माझ्याजवळ ऐकायला बसले नाहीत.

पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं, की त्या चौथ्या भागात कोल्ट्रेन स्वतः लिहिलेली प्रार्थना सॅक्सोफोनवर अक्षर-अक्षर म्हणतोय. ती कविता मूळ रेकॉर्डच्या वेष्टनावर छापलेली होती, माझ्या कॅसेटच्या चिठोऱ्यावर नव्हती. आबांना चिठोरं लागलंच नाही. हे त्यांना सांगायचं तर तोवर आबाच राहिले नव्हते.

तरी खोड जाईना. बिल एव्हान्सच्या तिकडीचं 25 जून 1961चं न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमधलं वादन तुझ्या यादीत आहे, पुढे लिहिलंयस 'हुरहुर'. त्यातला बास, म्हणजे ते उंच, खर्जातलं तंतुवाद्य, वाजवणारा स्कॉट लाफारो पंचवीस वर्षांचा होता, अकराव्या दिवशी मोटार अपघातात गेला. हे मी आधी वाचलं आणि मग ऐकलं. मागे ग्लास किणकिणतात, कुणी हसतं, आणि बास सुरू झाला की माझे डोळे भरतात. कितीतरी वर्षं भरताहेत. ते वादनामुळे की त्या बातमीमुळे, हे मला आजही सांगता येत नाही. तुला 'हुरहुर' नक्की कशाची वाटली? बातमी माहीत होती का?

म्हणशील, तारखा तर तुम्हीच सांगताय. हो, सांगतोय! म्हाताऱ्याला तेवढी मुभा असावी. आमच्या रविवारच्या मंडळातही हेच झालं. रेकॉर्ड लावण्याआधी कुणीतरी कागद काढून वाचायचं, मी उठून बाहेर जायचो. लोक म्हणाले, हेकट आहे. शेवटी जाणंच सोडलं. त्याचं मला काही वाटत नाही... म्हणजे, चहा बरा असायचा.

आणि हेकटपणाचंच निघालं म्हणून सांगतो. 'काइंड ऑफ ब्लू'ची पहिली बाजू 1959पासून तीसेक वर्षं किंचित चढ्या सुरात विकली जात होती, कारण ध्वनिमुद्रणाच्या दिवशी टेपयंत्र हळू फिरत होतं, आणि ती फीत नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर चढतो. नव्वदच्या दशकात दुरुस्त झाली. माझी कॅसेट त्याआधीची, चुकीची. नवी सीडी भाच्याने आणून दिली, अगदी शुद्ध. मला चुकीचीच आवडते. माझ्या कानात जे शिरलं ते त्या सुरात शिरलं, आता कंपनीने दुरुस्त केलं म्हणून मी कशाला दुरुस्त होऊ?

डेव्ह ब्रुबेकच्या 'टाइम आउट'पुढे मात्र तू काहीच लिहिलेलं नाहीस, नुसती रेघ मारलीयस. तिथे काय झालं ते सांग. मंगळवारी मी घरीच आहे. आबांनी ऐकली ती कॅसेट घेऊन जा. येताना पेन्सिल आण, फीत मधेच अडकते.

तुझा,
काका